अमेरिकेतल्या हंगेरियन कुटुंबांनी तीन-तीन पिढ्या आपली संस्कृती कशी टिकवली?

माझ्या मते सगळ्यात जास्त आज्यांमुळे. कम्युनिस्ट राजवटीविरुद्धचा १९५६ चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला तेव्हा जवळपास २ लाख लोक हंगेरीतून पळाले, त्यातले ३० हजारांवर न्यू जर्सीच्या कॅम्प किल्मर या लष्करी तळावरून अमेरिकेत आले. शेजारच्या न्यू ब्रन्सविकमध्ये आधीपासूनच हंगेरियन वस्ती होती, चर्च होती, त्यामुळे काहीजण तिथेच थांबले.

मी तिकडे राहायचे तेव्हा शेजारच्या आजी रेतेश (पातळ पापुद्र्यांचा, आत सारण भरलेला गोड पदार्थ) करायच्या, म्हणजे टेबलभर चादर अंथरून त्यावर पीठ हाताच्या पालथ्या बाजूने ताणत ताणत इतकं पातळ करायचं की खालची नक्षी दिसली पाहिजे, मग आत सफरचंद नाहीतर खसखस. नात समोरून कड धरायची आणि तेवढा वेळ इंग्लिश बंद, आजी फक्त हंगेरियनमध्ये बोलणार, नातीने चुकत का होईना त्यातच उत्तर द्यायचं. फार आवडायचं मला ते.

बाकी जूनमध्ये सॉमरसेट स्ट्रीटवर फेस्टिवल असतो, चार्दाश नाच वगैरे, आणि हंगेरियन स्काउटमध्ये मुलं हंगेरियनच बोलतात, ते जास्त महत्त्वाचं वाटतं मला, कारण भाषा वापरायला सोबतीची मुलं लागतातच.