कपाटाच्या खाचा : पटाशी, राउटर की ग्राइंडर?

प्रश्न : १८ मिमी प्लायचं, चार फळ्यांचं पुस्तकांचं कपाट घरीच करतोय. दोन्ही बाजूंच्या पाट्यांना फळ्यांसाठी खाचा पाडायच्या आहेत. सगळीकडे सनमाईका लावणार आहे. पटाशी पुरेल, राउटर (फिरत्या पात्याने खाच कोरणारं यंत्र) घ्यावा, की ग्राइंडरला लाकडाचं पातं लावू?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ग्राइंडर नकोच. त्याला टेकायला सपाट बैठक नसते, त्यामुळे खोली सांभाळता येत नाही आणि दातेरी पातं अडकलं की यंत्र हिसका देऊन अंगावर येतं.

सागवानाची फळी असती तर करवत आणि पटाशीच सुचवली असती. प्लायचे थर मात्र आलटून-पालटून आडवे-उभे असतात, पटाशीने कडा फाटतात आणि थरांमधला गोंद धार लवकर घालवतो. आठ खाचांसाठी छोटा ट्रिम राउटर आणि १२ मिमीचा सरळ कार्बाइड बिट (राउटरचं पातं) घ्या. बिटचा दांडा ६ मिमी आणि यंत्राची पकड (बिट धरणारा भाग) पाव इंचाची, असं झालं तर बिट चालू यंत्रात सरकतो. दोन्ही एकाच मापाचे हवेत.

नवशिक्यांचं माप इथेच चुकतं : १८ मिमी फळीला दोन्हीकडून १ मिमी सनमाईका लागला की ती २० मिमी होते. म्हणून सनमाईका आधी चिकटवा, मग फळीची जाडी व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या मोजपट्टीने) मोजा. १९.६ भरली तर १९.६ हेच खाचेचं माप.

दोन्ही पाट्या शेजारी-शेजारी क्लॅम्प करून प्रत्येक खाच दोन्हींवर एकत्रच पाडा, म्हणजे फळी तिरकी बसणार नाही. राउटर टेकवून चालवायला पाट्यांवर सरळ पट्टी घट्ट लावा आणि पुढे ढकलताना ती डाव्या हाताला ठेवा. बिटच्या फिरण्याने यंत्र पट्टीलाच चिकटून राहतं. खाचेच्या मापातून १२ वजा करून येईल त्या जाडीची (इथे ७.६ मिमी) चीप (पातळ तुकडा) पट्टी आणि राउटरच्या मध्ये धरून पहिली फेरी मारा, मग चीप काढून दुसरी. खोली एकूण ६ मिमी, पण एका वेळी ३ मिमीच. बिट जिथे बाहेर पडतो त्या कडेला टाकाऊ लाकूड घट्ट लावा, नाहीतर तिथला सनमाईका उडतो. सुरुवात मात्र तुकड्यावर करा. लकडगंजच्या लाकूडबाजारात प्लायचे उरलेले तुकडे विचारून पाहा.

फळी हाताच्या दाबाने बसायला हवी. हातोडी लागली तर खाच अरुंद आहे. सनमाईकाच्या गुळगुळीत पृष्ठाला फेव्हिकॉल नीट धरत नाही, तेव्हा खाचेत जाणारा ६ मिमी पट्टा पॉलिशपेपरने खरवडा आणि बाहेरून प्रत्येक टोकाला दोन स्क्रू द्या.