वाडा पाडण्याआधी

प्रश्न : कसबा पेठेतला आमचा वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत. त्याआधी त्याचे फोटो काढून ठेवायचेत. हाताशी फक्त मोबाइल आहे. कसे काढू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मोबाइल पुरेसा आहे. फोटो देखणा येतो की नाही हे नका बघू. पन्नास वर्षांनी वाडा न पाहिलेल्या माणसाला तो त्यावरून कळला पाहिजे.

मी कॅमेरा शिकलो तो पुरातत्त्वाच्या उत्खननावर. तिथे मापाची पट्टी आणि उत्तर दिशा दाखवणारा बाण ठेवल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असा दंडकच होता. तुम्हीही खांबाला, कोनाड्याला, उंबऱ्याला पट्टी लावा. दिंडी दरवाजापासून निघून चौक, ओसरी, माजघर असं क्रमाने जा आणि प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून टिपा. मोबाइल भिंतीला समांतर धरा. वर तिरपा केलात की खांब एकमेकांकडे झुकलेले दिसतात. जागा अपुरी असेल तर तुकड्यातुकड्यांनी घ्या. पुढच्या फोटोत आधीचा निम्म्याहून जास्त भाग आला, तर त्यातून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृतीही करता येते.

कोरीव कामावर फ्लॅश नको, समोरच्या उजेडाने नक्षी सपाट होते. चौकातलं ऊन खांबावर तिरपं पडतं ती वेळ गाठा. केळफुलाची पाकळी न् पाकळी सुटी दिसेल. ऊन पोहोचत नसेल तिथे बाजूने टॉर्च धरा.

नक्षीचा खांब जुन्या लाकडाच्या बाजारात विकला जाईल, टिकेलही. पण तो कुठल्या तुळईखाली होता, शेजारी देवघर होतं की जिना, हे मात्र फोटोतच उरणार. म्हणून चुलीवरची काजळी, दोरीवरची धुणी, काकू भाजी निवडायला बसतात ती पायरी, काही वगळू नका. शार्ल मार्व्हिल या फ्रेंच छायाचित्रकाराने 1860च्या दशकात पॅरिसच्या पाडल्या जाणाऱ्या गल्ल्या नगरपालिकेसाठी टिपल्या. त्या फोटोंत भिंतींवरच्या जाहिरातीसुद्धा वाचता येतात.

आणि पाडकाम सुरू झालं की घरी बसू नका! लाकडी सांगाड्यात विटा कशा भरल्या, खांब-तुळईचा सांधा कसा बसवला, हे भिंत उघडी पडल्यावरच दिसतं. ठेकेदाराची परवानगी काढा, हेल्मेट घाला, लांबूनच टिपा. रोज रात्री फोटोंना क्रमांक, खोलीचं नाव, दिशा आणि तारीख द्या आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा.