दुचाकीच्या दिव्यांचं काम मेकॅनिकलवाल्यानं घ्यावं का?

तुम्हाला चाकणला दुचाकीचे दिवे बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनची नोकरी मिळतेय, पण शंका अशी की आता सगळं एलईडी झालंय, म्हणजे काम इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं. मग आपलं मेकॅनिकल वाया जाईल का, असं तुम्ही विचारताय. मी या कामात बरीच वर्षं आहे. जरूर घ्या. एलईडी आल्यापासून आपलं काम उलट वाढलंय.

३५/३५ वॅटच्या हॅलोजन बल्बची बरीचशी उष्णता उजेडासोबत पुढे काचेकडे जायची. एलईडीचा उजेड थंड, पण चिप स्वतः तापते आणि तापली की उजेड उतरतो. त्यात १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलॅम्प इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच असतो. मे महिन्यातली दुपार, लाल सिग्नल, वारा नाही, वरून ऊन आणि मागून इंजिनाची धग: चिपची उष्णता ओढून बाहेर सोडणारा धातूचा भाग, म्हणजे हीटसिंक, या अवस्थेत पुरला पाहिजे. बरं, तो हवा तेवढा मोठा करता येत नाही. वजन वाढलं की दिव्याची नैसर्गिक वारंवारता खाली येते, आणि ती एक-सिलिंडर इंजिनाच्या थरथरीशी जुळली की ब्रॅकेटला तडा जातो. हे सगळं आपण कॉलेजात शिकलेलंच आहे.

पाण्याचं प्रकरण तर मला सगळ्यात अवघड वाटतं. दिवा पूर्ण हवाबंद करून भागत नाही. तापल्यावर आतली हवा फुगते, पावसाची सर आली की आकसते आणि सीलमधल्या बारीकशा फटीतून पाणी ओढून घेते. म्हणून व्हेंट, म्हणजे हवा आत-बाहेर जायला छोटी वाट, ठेवावा लागतो. तो कुठे ठेवायचा, आत हवा कशी फिरेल, सर्व्हिस सेंटरमधल्या प्रेशर पंपाचा फवारा तिथे थेट बसेल का, हे ठरवताना कस लागतो. पूर्वी बल्बच्या उष्णतेनं काचेवरचं बाष्प वाळायचं, आता ती सोय राहिली नाही.

मग टूलिंग, म्हणजे प्लॅस्टिकचे भाग बनवायचे साचे. पुढची ‘काच’ पॉलीकार्बोनेटची असते. प्रोजेक्टर प्रकारच्या दिव्यातली प्लॅस्टिकची भिंगं जाड असतात, आणि जाडी दुप्पट झाली की मोल्डमध्ये थंड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. घाई केली तर सिंक मार्क, म्हणजे पृष्ठभागावर खळगा, येतो आणि बीमचा कटऑफ, म्हणजे उजेडाची वरची कड, बिघडतो.

ऑप्टिक्स मात्र शिकावंच लागेल, आणि दुचाकीचं ऑप्टिक्स कारपेक्षा जास्त रंजक आहे असं माझं प्रामाणिक मत. वळणावर गाडी कलते, तिच्याबरोबर कटऑफही कलतो आणि जिकडे वळायचं नेमका तिकडेच अंधार पडतो. बीएमडब्ल्यूनं के १६०० जीटीमध्ये यासाठी मोटरवर फिरणारा आरसा बसवला होता. मोटर, आरसा, बेअरिंग. म्हणजे पुन्हा आपलंच काम!

सुरुवातीची दोनेक वर्षं फक्त कॅडसमोर बसू नका. टूलमधून पहिले नग निघतात तेव्हा मशीनपाशी उभे राहा. फोटोमेट्री, म्हणजे उजेडाची मोजणी, आणि कंपन चाचणी स्वतः बघा. कंपनीचे नमुने एआरएआय या पुण्यातल्या वाहन-चाचणी संस्थेकडे जात असतील तर सोबत जायला मागा.

होकार देण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा: दिव्याचं डिझाइन इथेच होतं, की ग्राहकाकडून तयार ड्रॉइंग येऊन इथे नुसतं उत्पादन होतं? दुसरं असेल तर ही नोकरी डिझाइनची नाही, मग पदाचं नाव काहीही असो.