बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला रेणवीय जीवशास्त्र आणि आनुवंशिकीचा अभ्यास कसा करावा?

तुम्ही लिहिले आहे की, दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून तुम्ही मुंबईत बी.एस्सी.ला प्रवेश घेतलात, रेणवीय जीवशास्त्र आणि आनुवंशिकी यांची टिपणे तोंडपाठ केलीत, तरीही परीक्षेत उदाहरण आले की हात थांबतो. मी हे विषय याच शहरात शिकलो आणि गेली काही वर्षे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो आहे. ट्रान्सक्रिप्शन म्हणजे प्रतिलेखन, म्हणजेच डीएनएवरून आरएनए तयार होणे, आणि अलील म्हणजे एकाच जनुकाचे पर्यायी रूप, एवढे अंगवळणी पडले की भाषेचा अडसर महिन्याभरात सरतो. उदाहरणे मात्र रोज कागद-पेन्सिल घेऊन सोडवल्याशिवाय येत नाहीत, आणि लोकलमध्ये उभ्याने वाचलेली टिपणे त्यासाठी पुरत नाहीत.

सुरुवात दिशेपासून करा. डीएनएचे दोन धागे परस्परांच्या उलट दिशांना जातात, हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. पण साच्याच्या धाग्यावरून आरएनए लिहायला सांगितला की पाच-प्राइम आणि तीन-प्राइम या टोकांची अदलाबदल होते. माझीही पहिल्या चाचणीत झाली होती. समजा, साच्याचा धागा तीन-प्राइम टोकाकडून टीएसी, जीजीए, सीटीसी असा आहे. त्यावरून तयार होणारा आरएनए पाच-प्राइम टोकाकडून एयूजी, सीसीयू, जीएजी असा येतो आणि तीन अक्षरांच्या प्रत्येक त्रिकुटाला एक अमिनो आम्ल या हिशोबाने त्याचा अर्थ मेथिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल असा लागतो. आता शेवटच्या त्रिकुटातल्या मधल्या ए ऐवजी यू लिहा. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी नेमका हाच बदल होतो, आणि जनुकाच्या दोन्ही प्रती तशा असल्या की सिकलसेल आजार होतो. (जनुकात मोजल्यास ते त्रिकूट सातवे भरते, कारण आरंभीचे मेथिओनिन पुढे छाटले जाते.) 64 त्रिकुटांचा तक्ता पाठ करण्याची गरज नाही, 61 त्रिकुटे अमिनो आम्लांची आणि 3 थांबण्याची, हे लक्षात ठेवून तक्ता वाचायला शिका.

या दोन विषयांची सांगड कशी बसते, हे ज्या उदाहरणातून मला प्रथम उमगले ते आपल्याच शहराचे आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच रक्तगट नोंदवला. जगभर तो आजही बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. ए आणि बी हे प्रतिजन (अँटिजेन) तयार होण्यासाठी लाल पेशीवर आधी एच नावाचा पदार्थ असावा लागतो, त्याच्या टोकाला आणखी एक शर्करा जोडली की ए किंवा बी तयार होतो. एच तयार करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या, तर ए किंवा बीचे जनुक धडधाकट असूनही शर्करा जोडायला जागाच उरत नाही, आणि नेहमीच्या तपासणीत तो माणूस ओ गटाचा दिसतो. त्याला ओ गटाचे रक्तही चालत नाही, कारण त्याच्या रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) असतात.

आता उदाहरण मांडा. आई-वडील दोघेही एबी गटाचे आहेत आणि दोघांकडेही एचच्या जनुकाची एक चांगली व एक निकामी प्रत आहे. एबीओचे जनुक 9व्या आणि एचचे 19व्या गुणसूत्रावर असल्यामुळे दोन्ही स्वतंत्रपणे वाटली जातात. आई-वडिलांच्या जननपेशींच्या सर्व जोड्यांची चौकट (पनेट चौकट) भरलीत की 16 पैकी 3 ए, 6 एबी, 3 बी आणि 4 ओसारखे दिसणारे, असे प्रमाण मिळते. एबी आई-वडिलांना ओ गटाचे मूल होत नाही, हा पाठ केलेला नियम इथे मोडताना दिसतो, आणि तो का मोडला हे विकराच्या कामावरून सांगता येते. मेंडेलच्या 9:3:3:1 या प्रमाणाचे असे बदललेले रूप परीक्षेत आले, तर ते कोणत्या नावाखाली शिकवले होते हे आठवत बसू नका. कोणती पायरी अडली, ते शोधा.

प्रत्येक प्रकरण वाचताना ‘हे कशावरून कळले’ असे वहीच्या समासात लिहून त्याखाली प्रयोगाची आकृती काढा. डीएनएची नक्कल कशी होते हे दाखवणाऱ्या, मेसेल्सन आणि स्टाल यांच्या 1958 सालच्या प्रयोगापासून सुरुवात करता येईल. त्यांनी ई. कोलाय जीवाणू जड नायट्रोजनवर वाढवून मग हलक्या नायट्रोजनवर आणले. एका पिढीनंतर डीएनएचा एकच, मधल्या घनतेचा पट्टा मिळाला आणि दुसऱ्या पिढीनंतर निम्मा मधला व निम्मा हलका. तिसऱ्या पिढीनंतर मधल्या पट्ट्यात किती वाटा उरेल, हे पुस्तकात पाहण्याआधी जड आणि हलके धागे दोन रंगांत काढून स्वतः मोजा.