मार्डमध्ये पद घेतलं, आता एमडी अडकेल का?

प्रश्न : माझी मुलगी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे. सलग 36 तासांची ड्युटी तिथे नित्याचीच. हा प्रश्न लावून धरायला ती निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेच्या स्थानिक शाखेत पदाधिकारी झाली. गाइड (थिसिसचे मार्गदर्शक) नाराज झाले तर थिसिस अडकेल अशी आम्हाला धास्ती वाटते. तिने यातून अंग काढून घ्यावं का?
– एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : धास्ती खोटी नाही. सिनॉप्सिसवर, म्हणजे थिसिसच्या आराखड्यावर, सही गाइडची; लॉगबुकवर, म्हणजे कामाच्या नोंदवहीवरही त्यांचीच. तरीही तिला मागे खेचू नका.

ती मागते आहे ते काही नवं नाही. निवासी डॉक्टरांसाठी केंद्राने 1992 मध्येच सूचना काढल्या होत्या : ज्युनियर रेसिडेंटला (म्हणजे तुमच्या मुलीसारख्या एमडी करणाऱ्या डॉक्टरला) साधारणपणे आठवड्याला 48 तास काम, सलग 12 तासांहून जास्त नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत आकडाच नाही, नुसते ‘वाजवी’ तास. पुढे 2024 मध्ये आयोगाच्याच कृती दलाने आठवड्याला जास्तीत जास्त 74 तासांची शिफारस केली. 32 वर्षांत 48 वरून 74, ही आपली प्रगती! आता वाजवी म्हणजे किती, हे ड्युटी लावणाऱ्यानेच ठरवायचं असेल तर जाब विचारायचा कोणाला? खरी गोम इथे आहे.

म्हणून घोषणांपेक्षा तिला रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, जास्त उपयोगी पडेल. त्यावर ‘सोमवार सकाळी 8 ते मंगळवार सकाळी 8’ असं लिहिलेलं असतं. पण मंगळवारचा राउंड, डिस्चार्ज कार्डं, राहिलेले रिपोर्ट उरकून पोरं रूमवर पोचतात रात्री आठला. ते 12 तास कुठल्याच कागदावर नसतात. युनिटमधल्या सगळ्यांनी महिनाभर येण्याजाण्याच्या वेळा टिपल्या, तर अधिष्ठात्यांसमोर (डीनसमोर) ठेवायला काहीतरी ठोस हाती येईल. निवेदन संघटनेच्या लेटरहेडवर, अनेकांच्या सह्यांनी द्यावं आणि आवक क्रमांक घ्यावा. एकटीच्या नावाने काही नको. रुग्णाचं नाव किंवा फोटो तर चुकूनही नको.

चिकाटीने नियम बदलतात. एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा नीट-पीजी 2024 मध्ये दोन सत्रांत झाली आणि गुणांच्या सामान्यीकरणावरून, म्हणजे दोन्ही सत्रांचे गुण एका पातळीवर आणण्यावरून, वाद पेटला. पुढच्या वर्षीही तोच घाट घातला गेला, तेव्हा डॉक्टर कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने 30 मे 2025 रोजी परीक्षा एकाच सत्रात घ्यायला सांगितलं, आणि 3 ऑगस्टला ती तशी झाली.

संपाचं मात्र वेगळं. दरवर्षी 80 टक्के हजेरी लागते आणि पगारी किरकोळ रजा 20 दिवस. गैरहजेरी त्यापलीकडे गेली तर अभ्यासक्रमाची मुदत वाढू शकते. शिवाय ‘मेस्मा’ची, म्हणजे अत्यावश्यक सेवांतल्या संपावर बंदी घालू देणाऱ्या राज्याच्या कायद्याची, टांगती तलवार आहेच. सामूहिक रजेचा विषय निघालाच, तर कॅज्युअल्टी आणि आयसीयू चालू राहतील याची सोय आधी झाली पाहिजे, असं तिने बैठकीत ठामपणे सांगावं.

थिसिसचं म्हणाल तर सिनॉप्सिस वेळेत जाऊ द्या, म्हणजे बोट ठेवायला जागा राहत नाही. निवेदनाची प्रत गाइडना तिने स्वतःच नेऊन द्यावी. दुसऱ्याकडून कळलं की माणूस दुखावतो. “आम्ही नाही का केल्या अशा ड्युट्या?” हे वाक्य ऐकून घ्यायची तयारी ठेवावी. काही सर मात्र मूकपणे मदतही करतात.

आणि तुम्ही एचओडींना (विभागप्रमुखांना) भेटायला निघाला असाल तर राहू द्या. वडील मध्ये पडले की तिचंच वजन कमी होतं. इतक्या तासांच्या ड्युटीनंतर, झोप न झालेली असताना ती स्कूटरवरून घरी येत असेल, तर आधी ते बंद करा.