वाचकांचे प्रश्न : शिसवीचा कोरीव उभा दिवा

प्रश्न : घरात पिढ्यान्‌पिढ्या साडेपाच फुटी कोरीव लाकडी दिवा आहे; काळपट, जड, तीन पायांचा. एक विक्रेता म्हणतो, ‘बॉम्बे ब्लॅकवुड, दीडशे वर्षं जुना.’ खरं कसं ओळखावं? वायर आणि पॉलिशही बदलायचं आहे.
– वाचक, गिरगाव

उत्तर : पॉलिशचा विषय तूर्त बाजूला ठेवा. प्लग काढा, दिवा गादीवर आडवा करा आणि बैठकीचा तळ बघा. तिथे सहसा पॉलिश नसतं. शिसवी जांभळट तपकिरी, काळ्या रेषांची, सागाहून जड. तळ पिवळसर असेल तर वरचा काळेपणा नुसता रंगाचा.

‘बॉम्बे ब्लॅकवुड’ची, म्हणजे एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडलेल्या शिसवी फर्निचरची, खूण म्हणजे जाळीकाम: घाट व्हिक्टोरियन, पण अंगभर वेलबुट्टी, पक्षी, आणि लाकूड आरपार कोरलेलं. नुसती द्राक्षांची वेल असेल तर सहारनपूरचा संशय घ्या. फिकट अक्रोडावर चिनारची पानं असतील तर काश्मीरचा. जाळीच्या आतल्या कडेवर बोट फिरवा, हातानं चालवलेल्या पटाशीचे असमान टप्पे लागले पाहिजेत.

वयाचा सगळ्यात बोलका पुरावा मात्र वायरीच्या वाटेत असतो. मुंबईत वीज आणि ट्राम चालवणारी कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली. घरोघरी वीज त्यानंतरची. म्हणजे दीडशे वर्षांचा दिवा मुळात रॉकेलचा असणार. तशा खांबाच्या माथ्यावर तेलाची टाकी बसवायला खोलगट जागा असते, आणि वायर मागाहून खाच पाडून, वर पट्टी चिकटवून नेलेली दिसते. खांबाच्या मधोमध सुबक भोक असेल तर तो बहुधा विजेसाठीच घडवलेला. त्यानं मोल कमी होत नाही, फक्त ‘दीडशे वर्षं’ खोटं ठरतं.

जुन्या वायरीतलं रबर कडक होऊन गळतं, तांबं उघडं पडतं आणि पितळी होल्डरमध्ये वीज उतरते. म्हणून वायर बदलेपर्यंत दिवा लावू नका. वायरीच्या टोकाला मजबूत दोरा बांधून ती हळूच ओढा, त्याच दोऱ्यानं नवी आत घ्या: ०.७५ चौरस मिलिमीटरची तीन कोअरची (आत तीन तारा असलेली) लवचिक तांब्याची वायर. अर्थिंगची तार होल्डरच्या पितळेला जोडा, ६ अँपिअरचा तीन पिनी प्लग लावा, वायर बैठकीतून बाहेर येते तिथे कॉर्ड ग्रिप (वायर ओढली गेली तरी घट्ट धरून ठेवणारी पकड) बसवा. बल्ब ९ वॅटचा एलईडी पुरे. ६० वॅटच्या जुन्या बल्बनं कापडी शेड करपते.

आता पॉलिश. कापसावर थेंबभर स्पिरिट घेऊन बैठकीच्या मागे, सहज न दिसणाऱ्या पण पॉलिश असलेल्या जागी टेका. चिकट लागलं तर ते पॉलिश चपडा लाखेचं (शेलॅकचं), आणि ते खरवडणं म्हणजे दिव्याचं नुकसान. मऊ ब्रशनं धूळ काढून मेणाचा पातळ हात द्या. पॉलिश पेपरनं कोरलेल्या पानांच्या शिरा जातात. मेलामाईन (कृत्रिम, कडक होणारं पॉलिश) जाळीत साचतं आणि पुढे काढता येत नाही. लाखेचा नवा हात द्यायचाच असेल तर पावसाळा टाळा, दमट हवेत लाख पांढुरकी पडते. निखळलेला तुकडा गरम सरसानं बसवा, कारण सरस पुढे गरम पाण्यानं सोडवता येतो.

प्रश्न : असाच दिवा मुलीला परदेशी नेता येईल का?
– वाचक, दादर

उत्तर : शंभर वर्षांहून जुना असेल तर नाही, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं खासगी व्यक्तीला तो बाहेर नेता येत नाही. त्याहून नवा असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. शिसवीचं लाकूड साइटिस या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, तेव्हा परवान्याची चौकशी तिकीट काढण्याआधीच करा.