वाळत घातलेली चाळीस चित्रं

प्रिय मित्रा,

शाळांमध्ये चित्रकलेच्या कार्यशाळा घ्यायच्या म्हणून तू मुख्याध्यापकांसाठी केलेलं माहितीपत्रक दोनदा वाचलं. चित्रं सुरेख, कागदही भारी. पण ‘मुलांच्या सुप्त सर्जनशीलतेला पंख’ या ओळीपाशी मी मुख्याध्यापक असतो तर थांबलो असतो. असल्या पंखवाल्या पत्रकांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर कायम असतो. त्यांना बघायचं असतं ते वेगळंच: कुठली इयत्ता, किती मुलं, किती तासिका, खोली कसली लागेल, साहित्य कोण आणणार, पसारा कोण आवरणार आणि एकूण पैसे किती. हे सगळं एका पानात बसव. तुझी प्रदर्शनं नि पुरस्कार शेवटच्या दोन ओळींत. झोंबेल जरा, पण शाळा आपल्याला वेळापत्रकातला तास देते, आणि तिच्याकडे त्याचाच सगळ्यात तुटवडा असतो.

पसाऱ्याचं मुद्दाम लिहितो. माझ्या पहिल्या कार्यशाळेत मुलांनी जलरंगात चाळीस चित्रं काढली. घंटा झाली आणि लक्षात आलं, ती वाळत कुठं घालायची हे मी ठरवलंच नव्हतं. बाकांवर ठेवावीत तर पुढचा तास गणिताचा. व्हरांड्यात मांडली तर वारा. एकच बेसिन, ब्रश धुवायला ही मोठी रांग. गणिताच्या बाई दारात वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून उभ्या. चित्रं खरोखर चांगली झाली होती, पण त्या शाळेनं मला परत बोलावलं नाही. तेव्हापासून दोरी आणि चिमटे माझ्या पिशवीत असतात आणि पत्रकात ‘शेवटची दहा मिनिटं आवरण्यासाठी’ अशी ओळ असते. शिक्षक सगळ्यात आधी त्याच ओळीबद्दल बोलतात.

सही मुख्याध्यापकांची असते, पण तुझं नाव त्यांच्या कानावर घालतो तो कुणीतरी शिक्षक. म्हणून आधी शिक्षकाला भेट, आणि तुझा कार्यक्रम पुढे करण्याआधी त्याची अडचण विचार. इंग्लंडमध्ये २००२ ते २०११ ‘क्रिएटिव्ह पार्टनरशिप्स’ नावाची सरकारी पैशावर चालणारी मोठी योजना होती. तिच्यात कलाकार शाळेत येण्याआधी शाळेनं स्वतःचा प्रश्न मांडायचा, अशी रीत होती. ती मला फार पटते. (सरकारनं पैसा थांबवला आणि योजना संपली, हेही ध्यानात ठेव. एकाच अनुदानावर सगळी मदार नको.) शिक्षक म्हणाला, ‘अपूर्णांक डोक्यात शिरत नाहीत,’ तर कागदाच्या घड्या काढ. कागद तीन वेळा मधोमध दुमडला की उलगडल्यावर आठ सारखे भाग. त्यातले तीन रंगवले की तीन अष्टमांश मुलांच्या हातात. पण म्हणून प्रत्येक तास अभ्यासक्रमाच्या दावणीला बांधू नकोस. कधी नुसतं चित्रच काढायचं असतं, आणि तसं सरळ सांगावं.

फुकट करून दाखवायचा मोह होईल. नको करूस. एकदा फुकट गेलास की पुढच्या वेळी दर सांगताना तुझीच जीभ अडखळते. एका वर्गापुरता छोटा प्रयोग कर, कमी पैशांत कर, पण पैसे घे. सभागृहात तीनशे मुलं बसवतो म्हणाले तर नम्रपणे नाही म्हण. ती कार्यशाळा होत नाही, जादूचे प्रयोग होतात.

शाळेचा खर्च नवं वर्ष सुरू होण्याआधी ठरतो, तेव्हा त्याच सुमारास जा. परीक्षेच्या तोंडावर गेलास तर चहासुद्धा विचारणार नाहीत. मुलांचे फोटो जाहिरातीत वापरायचे तर शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी आधी घे. चित्रं आणि हातांचे फोटो बहुतेक वेळा पुरतात. वर्गात शिक्षक हजर हवा, ही अट तूच घाल. मुलांच्या सुरक्षिततेचा विचार तू केला आहेस हे त्यांना कळतं, आणि शिक्षकाच्या डोळ्यांदेखत झालेलं काम तोच पुढे दुसऱ्या शाळेतल्या मित्राला सांगतो. माझी निम्मी कामं अशीच आली.

पत्रक नव्यानं लिहून पाठव. पंख काढ, आकडे घाल. आणि चित्रं वाळत कुठं घालणार, ते मला आधी कळव.

सस्नेह,
तुझा दादा